रुग्णाची नोंद रुग्णाच्या हाती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पेढीवर हिशेबाच्या वहीला किती मान असतो, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रोजमेळातील रक्कम खतावणीत उतरल्याशिवाय दिवस पुरा होत नाही. मुनीम बदलतो, पिढी बदलते, तरी व्यवहार अखंड चालू राहतो. कारण तो कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर नव्हे, तर लिखित नोंदीवर उभा असतो. त्याच घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला दहा वर्षांपूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली होती, असे विचारले तर मात्र घरात शोधाशोध सुरू होते. पैशाचा पैपैचा हिशेब जपणारा समाज देहाच्या हिशेबाबाबत इतका उदासीन का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आजचा विषय आहे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी आणि वैद्यकीय व्यवसायात येत असलेले नवे तंत्रज्ञान. हा विषय संगणकाच्या बाजूने मांडता येतो, तसाच तो माणसाच्या बाजूनेही मांडता येतो. बीड जिल्ह्यापुरती त्याची कसोटी एकच आहे. या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कष्टकरी कुटुंबाच्या, विशेषतः त्यातील स्त्रीच्या, हाती तिच्या आरोग्याची खरी नोंद पोहोचते का? पोहोचत असेल तर तंत्रज्ञान सार्थकी लागले. नसेल तर ते केवळ एक महागडे यंत्र ठरेल.

कागदाची थैली

आज ग्रामीण रुग्णाची आरोग्य नोंद म्हणजे बहुधा खुंटीला टांगलेली एक प्लॅस्टिकची थैली असते. तिच्यात चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, घडी पडून फाटलेले रक्ताचे अहवाल, एखादी एक्स-रे फिल्म आणि अक्षर न लागणारे औषधांचे कागद असतात. पावसात थैली भिजते, स्थलांतरात हरवते. डॉक्टर नव्याने तपासण्या लिहून देतात, खर्च दुप्पट होतो आणि जुना आजार नव्याने शोधावा लागतो.

वास्तविक नोंद मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावयाची असतात. २०२३ मध्ये आलेल्या नव्या नियमावलीला त्याच वर्षी स्थगिती मिळाल्याने ही जुनी आचारसंहिताच पुन्हा लागू झाली. हक्क आहे, परंतु तो ठाऊक असणारे थोडे आणि मागणारे त्याहून थोडे, अशी स्थिती आहे.

सहा महिने येथे, सहा महिने तेथे

बीड हा अकरा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. दसरा-दिवाळीनंतर येथील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाच-सहा महिने, उसाच्या फडातच राहतात.

या सहा महिन्यांचा वैद्यकीय अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बीडला सुरू झालेला उपचार कोल्हापूरच्या फडात खंडित झाला, तर रोग बळावतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात. बाळाच्या लसी सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात द्यावयाच्या असतात. दिवाळीच्या सुमारास जन्मलेल्या मुलाच्या या तिन्ही लसी फडावरच येतात. गर्भवतीच्या तपासण्या, मधुमेह, रक्तदाब, सर्वांचे तेच. शरीर सहा महिने येथे आणि सहा महिने तेथे असते; नोंद मात्र गावच्या आरोग्य उपकेंद्रातील रजिस्टरातच राहते. गाव सोडताच त्या माणसाचा वैद्यकीय इतिहास पुसला जातो आणि फडाजवळच्या दवाखान्यात तो प्रत्येक वेळी नवा रुग्ण म्हणून उभा राहतो.

२०१९ चा धडा

नोंद नसण्याची किंमत काय असते, हे बीड जिल्ह्याने २०१९ मध्ये पाहिले. ऊसतोड करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे वृत्त त्या वर्षी प्रसिद्ध झाले. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या निमित्ताने झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे सहा स्त्रियांमागे जवळपास एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नसली, तरी ही तफावत मन अस्वस्थ करणारी आहे.

या शस्त्रक्रियांमागील कारणे अनेक आहेत. कामाचा एक दिवस बुडाला की खाडा पडतो आणि त्याची वसुली होते. फडावर स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. कॅन्सरची भीती घातली जाते, आणि ‘पिशवी काढली की त्रास संपला’ हा सल्ला मान्य केला जातो. ही कारणे सामाजिक व आर्थिक आहेत आणि संगणकाने ती दूर होणार नाहीत, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे.

परंतु या प्रकरणात नोंदीचाही एक प्रश्न आहे, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीत काय दिसले होते? औषधांचा उपचार आधी करून पाहिला होता का? केवळ गर्भाशय काढले, की दोन्ही अंडाशयेही काढली? काढलेल्या भागाची प्रयोगशाळेत तपासणी झाली का? या प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर असतात, तो कागद त्या स्त्रीजवळ नसेल, तर पुढील आयुष्यात तिच्यावर योग्य उपचार होणे कठीण होते. तिशीत अंडाशये काढली गेली, तर हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. दहा वर्षांनी सांधे-कंबर धरून ती दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते, तेव्हा ‘पिशवी काढली आहे’ एवढेच तिला सांगता येते. तिच्या स्वतःच्या शरीरात काय उरले आहे, हे तिलाच माहीत नसते.

या प्रकरणानंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. या सूचनांनुसार जिल्हा पातळीवर देखरेख समिती अभिप्रेत आहे. देखरेख करायची म्हणजे नोंद हवी. नोंदीवाचून देखरेख हा केवळ शब्द उरतो.

इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणजे काय?

कागदाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला म्हणजे इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद झाली, असे नव्हे. रोगाचे निदान, औषधे, ॲलर्जी, तपासण्यांचे निष्कर्ष हे सर्व ठरावीक सांकेतिक पद्धतीने लिहिले जाते, म्हणूनच एका रुग्णालयातील संगणकाने लिहिलेले दुसऱ्या रुग्णालयातील संगणकाला कळते. या कल्पनेला अर्धशतकाहून अधिक इतिहास आहे. अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णाच्या नोंदी त्याच्या समस्यांच्या क्रमाने लिहिण्याची शिस्त मांडली. त्याच देशातील डॉ. क्लेमेंट मॅक्डोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, संगणकाने वेळेवर आठवण करून दिल्यास निष्णात डॉक्टरांच्याही हातून सुटणाऱ्या गोष्टी कमी होतात. माणूस विसरतो, यात त्याचा दोष नाही. विसरू नये यासाठी व्यवस्था नसणे हा दोष आहे.

भारत सरकारने २०१३ मध्ये अशा नोंदींची मानके प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅक संस्थेत आहे, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट होय. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा १४ अंकी क्रमांक घेता येतो. २०२५ पर्यंत असे ७० कोटींहून अधिक क्रमांक काढले गेले आहेत.

या योजनेतील दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत. पहिली, आभा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. दुसरी, रुग्णाची सर्व माहिती दिल्लीच्या एखाद्या गोदामात साठवली जात नाही. ती ज्या त्या रुग्णालयाकडेच राहते आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येते. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर आभा ही वही नव्हे. वेगवेगळ्या वह्यांतील एकाच खातेदाराची पाने जोडणारा तो खाते क्रमांक आहे. क्रमांक काढला, परंतु डॉक्टरांनी त्यावर काही लिहिलेच नाही, तर ते खाते कोरेच राहणार. क्रमांक कोट्यवधी झाले. खाती भरण्याचे काम अद्याप पुष्कळ बाकी आहे.

नोंद प्रवास करू लागते तेव्हा

ज्या कामांत नोंद रुग्णाबरोबर फिरू लागली, तेथे तिचा उपयोग दिसतो. क्षयरोग कार्यक्रमाची ‘निक्षय’ ही संगणकीय प्रणाली २०१२ पासून आहे. बीडमध्ये नोंद झालेला क्षयरुग्ण सांगली जिल्ह्यात गेला, तर त्याची नोंद तेथील केंद्राकडे वर्ग करता येते आणि औषधे तेथून पुढे चालू राहू शकतात. पोषण आहारासाठी मिळणारे अनुदान, जे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले आहे, त्याच क्रमांकाच्या आधारे बँक खात्यात जमा होते. बालकांच्या लसीकरणासाठी ‘यू-विन’ ही प्रणाली आली आहे. तिच्यात नोंद असलेल्या बाळाला देशात कोठेही पुढची लस घेता येते. दूरस्थ सल्ल्याची ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९ च्या अखेरीस सुरू झाली. उपकेंद्रात बसून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलण्याची सोय तिच्यामुळे झाली.

हे सर्व केवळ शहरांनाच शक्य आहे, असेही नाही. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी या गावी जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्या रुग्णालयाच्या गरजा पाहून ‘बाम्नी’ ही मुक्त स्वरूपाची, म्हणजे परवाना शुल्क न लागणारी, संगणक प्रणाली विकसित झाली आणि पुढे ती अन्य देशांतही वापरली गेली. बीड जिल्ह्यात तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून उभे आहे. साधनांची उणीव आहे हे खरे. परंतु आरंभच अशक्य आहे, असे म्हणता येणार नाही.

यंत्र खोटे बोलत नाही, पण खरे लिहावे लागते

तंत्रज्ञानाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या. २००१ मध्ये ही संख्या ८९४ होती. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा ‘एफ फॉर्म’ भरणे त्या दशकातील बहुतांश काळ बंधनकारक होते. फॉर्म होते, रजिस्टरे होती, यंत्रेही होती. तरी मुली नाहीशा होत राहिल्या. याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण जोडण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यास मान्यता दिली. तथापि उपकरणात साठलेले कोणी तपासलेच नाही, तर त्याचा उपयोग नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील नोंदी ठेवण्याच्या तरतुदी कायम ठेवल्या. नोंदीतील त्रुटी ही कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. बीडच्या इतिहासाकडे पाहता हा आशय किती योग्य आहे, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी मर्यादा डॉक्टरांच्या वेळेची. अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणक आणि कार्यालयीन कामात जातात. बाह्यरुग्ण विभागात रांग लावून उभ्या असलेल्या शंभर माणसांसाठी एकच डॉक्टर असेल, तर त्याने नाडी पाहावी की पडदा, हा प्रश्न उरतोच. म्हणून नोंद थोडी, नेमकी आणि उपयोगाची असावी.

तिसरी मर्यादा सुरक्षिततेची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस हाताने काम करावे लागले. कागदाची एक प्रत जवळ असणे हे मागासलेपण नव्हे, हाच त्यातील बोध.

चौथी आणि सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची. घरात मोबाईल एकच असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या हाती असतो. संमतीसाठी येणारा ओटीपी त्याच मोबाईलवर येतो. अशा वेळी ती संमती कोणाची? एखाद्या मजूर स्त्रीच्या आजाराची माहिती मुकादमापर्यंत गेली, तर तिला कामच नाकारले जाऊ शकते. तिच्या हितासाठी केलेली नोंद तिच्याच विरुद्ध वापरली जाऊ नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. एस्टोनिया या छोट्या युरोपीय देशात आपली नोंद कोणी व केव्हा पाहिली, हे नागरिकाला स्वतः पाहता येते. तेवढी पारदर्शकता येथेही यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे पर्व

आता कृत्रिम बुद्धिमत्ताही दवाखान्यात येत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखण्यासाठी संगणकीय वाचनाची शिफारस केली. हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आणि हे वाचन यांच्या साहाय्याने गावोगावी तपासणी होऊ लागली आहे. ऊसतोडीला निघण्यापूर्वीच गावात अशी तपासणी झाली, तर फार मोठे काम होईल. अर्थात यंत्र केवळ संशय व्यक्त करते. थुंकीची तपासणी आणि डॉक्टरांचा निर्णय यांची जागा ते घेत नाही. शिवाय ही बुद्धिमत्ता पूर्वीच्या नोंदींवरूनच शिकते. ज्या नोंदीत अनावश्यक शस्त्रक्रियेला ‘आवश्यक’ म्हटले आहे, तिच्यावरून शिकलेले यंत्रही तोच सल्ला देईल. म्हणून भविष्यकाळाचा पाया आजच्या प्रामाणिक लेखणीतच आहे.

सेवाभावी संस्थांचे कर्तव्य

अशा विषयात सेवाभावी संस्थांनी काय करावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. समाजाच्या वतीने ठिकठिकाणी नेत्रशिबिरे, रक्त तपासणी शिबिरे, मोफत औषधोपचार होतात. शिबिरात किती रुग्ण तपासले, ही संख्या अहवालात छापली जाते. परंतु रुग्ण घरी जाताना त्याच्या हाती काय असते? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या डोळ्यात, कोणत्या क्रमांकाचे भिंग, कोणत्या दिवशी बसवले, हे लिहिलेला कागद प्रत्येक रुग्णाला मिळालाच पाहिजे. रक्तदाब मोजला तर आकडा लिहून द्यावा, साखर तपासली तर उपाशीपोटी की जेवणानंतर हेही लिहावे. हा मजकूर रुग्णाला किंवा त्याच्या शाळकरी मुलाला वाचता येईल अशा मराठीत असावा.

रुग्णाची इच्छा असेल तर त्याचा आभा क्रमांक काढून देण्यास साहाय्य करावे आणि तो कार्डावर छापून द्यावा, म्हणजे मोबाईल नसला तरी अडणार नाही. दिवाळीपूर्वी, कुटुंबे फडाकडे निघण्याआधी, आशा स्वयंसेविकांच्या सहकार्याने एक शिबिर घेता येईल. त्यात आजार, चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, गर्भवतीची तारीख, बाळाच्या राहिलेल्या लसी, एवढे एका पानावर लिहून द्यावे. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे अशा स्त्रियांना रुग्णालयातून कागदपत्रे मिळवून देण्यासाठी एखादा सुशिक्षित तरुण अर्ज लिहून देऊ शकतो. तीन वर्षांची मुदत लक्षात घेता हे काम लवकर झालेले बरे. यातील बहुतेक कामांसाठी मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते. मात्र शिबिरात जमा झालेली माहिती संस्थेने रुग्णाच्या संमतीवाचून कोणालाही देऊ नये आणि गरजेपेक्षा अधिक माहिती घेऊही नये.

पेढीवर खातेदाराने आपला उतारा मागितला, तर तो नाकारण्याचे धाडस कोणी करत नाही. कारण खाते त्याचे असते. रुग्णाची नोंद दवाखान्याच्या कपाटात असो किंवा संगणकात, ती त्या रुग्णाच्या देहाची आहे. फडाकडे निघालेल्या स्त्रीच्या गाठोड्यात भाकरीबरोबर तिच्या आरोग्याचे एक खरे, वाचता येणारे पान असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक नोंदींचे यश त्या पानावरूनच मोजले जावे.